गोधडीतली बाग

फोन वाजला तेव्हा मी अकरावीच्या पोरींना कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर कसा पसरायचा ते दाखवत होते. प्रयोगशाळेत मोबाईल बंद ठेवायचा, हा नियम माझाच. पण त्या दिवशी तो टेबलाच्या खणात गुरगुरत राहिला, थांबला, परत गुरगुरला. बघितलं तर शाहीनचे अब्बा. अब्बा दुपारी कधी फोन करत नाहीत. दुपारी त्यांची शिलाई मशीन चालू असते आणि तिच्यापुढं त्यांना काही ऐकू येत नाही. त्या दिवशी मशीनचा आवाज नव्हता. "मंदा बेटा," ते म्हणाले, "अपनी शाहीन गई गे." एवढंच. मग त्यांच्या बाजूला गल्लीतल्या रिक्षांचे हॉर्न, माझ्या बाजूला पोरींची कुजबुज. सकाळी कामावर निघाली होती, केस विंचरता विंचरता डोकं धरून खाली बसली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. जेमतेम चाळिशीची बाई. मी प्रात्यक्षिक अर्धवट सोडलं नाही. शेवटच्या पोरीला पेशी दिसेपर्यंत थांबले आणि मगच अंबडहून जालन्याची बस धरली. काही जणांना हे विचित्र वाटलं. शाहीनला वाटलं नसतं. मोजणी अर्धी टाकून उठलेलं माणूस तिला बघवायचं नाही.

आमची ओळख जालन्याच्या कॉलेजातली. मी अंबडजवळच्या एका शेतवस्तीवरची, ती जुन्या जालन्यातल्या टेलरची लेक. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं कुणी नव्हतं, तिच्याही नव्हतं. माझं पदवीचं प्रमाणपत्र वडिलांनी काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावलंय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवताना मला जराही संकोच वाटत नाही. शाहीन मात्र हसायची. "अगं, हळदीकुंकू वाहत जा त्याला!" वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. मी भराभर लिहायची, ती हळू. सरांनी फळ्यावर आकृती काढली की ती आधी खिडकीबाहेरच्या झाडाकडं बघायची, मग फळ्याकडं, मग वहीत. मी म्हणायची, "जल्दी लिही ना बये, पुसतील." ती म्हणायची, "पुसू दे. झाड कुठं जातंय?"

झाड कुठं जातंय... पुढं हे वाक्य मला फार वेळा आठवलं.

एमएस्सीला आम्ही दोघी विद्यापीठात गेलो आणि तिथं आम्हाला सर भेटले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही. पण ते कसे होते हे लिहायलाच हवं, कारण त्याशिवाय शाहीनला ते सगळं किती जड गेलं ते कळणार नाही. सर आमच्यासारखेच, कोरडवाहू घरातून वर आलेले. माझं लग्न ठरवायचं घाटत होतं तेव्हा ते स्वतः आमच्या वस्तीवर आले, बाजेवर बसले, आणि वडिलांना म्हणाले, "दादा, पोरीला शिकू द्या. जबाबदारी माझी." मी आज जी काही आहे त्यात त्या एका दुपारचा वाटा मोठा आहे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. आणि बोलता बोलता ते डोळे मिटून घ्यायचे, समोर नसलेलं काहीतरी आत बघत असल्यासारखे. आम्ही पोरी त्यांची नक्कल करायचो, पण त्या नकलेत माया होती.

शिकून मी अंबडला ज्युनियर कॉलेजात लागले. शाहीन पीएचडीसाठी सरांकडंच थांबली. विषय होता, मोसंबीची बाग कमीत कमी किती पाण्यावर जगते आणि फळते. बाग शोधायला लांब जावं लागलं नाही. शाहीनच्या खालाची, म्हणजे मावशीची, अंबडपासून जवळच मोसंबी होती. त्यामुळं सुट्टीच्या दिवशी मीही सायकलवर तिकडं जायची. सरांना झाडांच्या ओळखीला खुणा हव्या होत्या. पत्र्याचे बिल्ले लावले तर तारेनं सालीला जखमा व्हायला लागल्या. मग शाहीननं अब्बांच्या दुकानातली कातरणं आणली. पूर्ण पाण्याच्या झाडांना लाल पट्टी, निम्म्या पाण्याच्यांना हिरवी, त्याहून कमी पाणी आणि बुडाशी पाचटाचं आच्छादन असलेल्यांना पिवळी. अब्बांनी प्रत्येक पट्टीच्या कडा दुमडून मशीन मारून दिली. "उसवली की आकडा गेला," ते म्हणाले. न पुसणाऱ्या शाईनं त्यावर झाडाचा नंबर घालायचा होता, आणि तो सरांनी घातला. खालाच्या ओसरीवर मांडी घालून, मांडीवर पाटी घेऊन, एकेक आकडा कोरल्यासारखा. पहिली पट्टी झाडाला त्यांनीच बांधली आणि गाठीवरून बोट फिरवलं, लहान लेकराचं टोपडं बांधून झाल्यावर फिरवतात तसं.

आमच्याकडं मोसंबीला आधी तहानलेलं ठेवतात. थंडीत पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, झाड अगदी मरायला टेकलंय की काय असं वाटू द्यायचं... आणि मग एक दिवस पाणी सोडायचं. त्यानंतर जे होतं ते लिहायला माझ्याकडं शब्द अपुरे आहेत. एका सकाळी जावं तर सगळी बाग पांढरी. रस्त्यावर सायकलवरूनच वास यायचा, इतका दाट की त्यात हात घालावा. आम्ही दोघी दुपारी आळ्याच्या कडेला ओढण्या अंथरून पडायचो. वर पांढरं, त्याच्या आत मधमाशांची गुणगुण, फांद्यांवर लाल, हिरव्या, पिवळ्या पट्ट्या हळू हलताहेत. डोळा लागायचा. उठायचो तेव्हा अंगावर, केसांत फुलं सांडलेली. शाहीन ती झटकायच्या आधी मोजायची. मी हसायची. "गळ पण लिहायची असती," ती गंभीरपणे म्हणायची. "नुसतं टिकलेलं लिहिलं तं झाडावर अन्याय होतो."

दोन हंगाम असे गेले. मग पावसानं पाठ फिरवली, पुढच्या वर्षीही तेच. विहीर आटली, टँकर मिळेनात. आधी पिवळ्या पट्टीची झाडं गेली. जी कमी पाण्यावर जगतील असं वाटत होतं तीच. मग हिरवी, आणि शेवटी लालसुद्धा. त्या हिवाळ्यात खालूनं, म्हणजे खालाच्या नवऱ्यानं, सगळी बाग कुऱ्हाडीनं काढली. कुऱ्हाड लागायच्या आधी खाला एकेका झाडाजवळ गेली आणि पट्ट्या सोडून पदरात घेत गेली. "चांगला कपडा है, फेकते क्या?" तिनं त्यांची गोधडी शिवली. थंडी पडली होती आणि घरात पांघरूण कमी होतं, एवढंच कारण. तिनं रंग आलटून पालटून लावले आणि आकडे वरच्या अंगाला आले ते येऊ दिले. शाहीनचं काम थांबलं. सर म्हणाले, बघू, दुसरी बाग शोधू. दोन हंगामांवर लिहिता आलं असतं, छोटं, पण खरं. तिची तयारीही होती.

त्यानंतर दोन वर्षांनी एक दिवस ती कॉलेज सुटायच्या वेळेला माझ्याकडं आली. हातात एका नियतकालिकाची प्रत. सरांचा लेख छापून आला होता. पहिलं नाव सरांचं, दुसरं तिचं. तिला कुणी विचारलंही नव्हतं. मला आनंद झाला, मी म्हटलं, "अगं, पेढे!" तिनं आतलं पान उघडलं. बाग काढल्यानंतरच्या हंगामांची फळं तिथं मोजलेली होती. झाडांचे नंबर तेच. आणि निष्कर्ष असा, की पिवळ्या पट्टीइतक्या पाण्यावर मोसंबी जगते आणि चांगली फळते. "मंदे," ती म्हणाली, "जी झाडं त्या पाण्यावर मेली, ती त्याच पाण्यावर जगली असं माझ्या नावानं लिहिलंय. उद्या कुणी वाचून खरंच तेवढंच पाणी दिलं तं?"

ती आधी सरांकडं गेली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर विभागात अनेकांनी म्हटलं की पोरीनं सरळ तक्रार ठोकली, घरातलं घरात बोलायचं ना. ती गेली होती. सरांनी नाकारलं नाही. त्यांनी तिला चहा दिला आणि डोळे मिटले. "शाहीन, मी त्या बागेत इतका फिरलोय की आत्ताही मला दिसतं, कोणत्या फांदीला किती लागली असती. पाऊस आला असता तर हेच आकडे आले असते. माझा अंदाज कधी चुकलाय का?" ती म्हणाली, "सर, बाग न्हाई तिथं." ते म्हणाले, "माझ्या डोळ्यासमोर आहे." ती म्हणाली, "मंग माझं नाव तेवढं काढा. मला दिसत न्हाई." सर म्हणाले, छापलेलं नाव काढता येत नसतं.

मला हे सांगताना ती रडली नाही, चिडली नाही. तिला एवढंच कळत नव्हतं की इतका चांगला माणूस असं का करतो. मला कळत होतं असं मी म्हणणार नाही. पण सरांची ती मिटल्या डोळ्यांपुढची बाग मला दिसली होती खरी, आणि ती इतकी सुंदर होती की भीती वाटली.

तक्रार तिनं मराठीत लिहिली, साधी. काय मोजलं, कधी मोजलं, झाडं कधी काढली, आणि शेवटी, माझं नाव या लेखावरून काढावं. आम्ही दोघी विद्यापीठाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, "तुमचा काही वैयक्तिक राग आहे का सरांवर?" शाहीन म्हणाली, "राग असता तर एवढं अवघड गेलं नसतं, सर." तक्रार गुप्त राहील असं सांगितलं होतं. आम्ही बसस्टँडवर पोचायच्या आत विभागातून फोन यायला लागले. कुणी म्हणालं, तुझे कान भरलेत. कुणी म्हणालं, गुरूवर उलटलेली पोरगी कोण घेणार. खरोखरच कुणी घेतली नाही. तिचं मार्गदर्शन करायला त्या विभागात दुसरं कुणी तयार झालं नाही, आणि तिची पीएचडी तिथंच राहिली. खालानं तर घर डोक्यावर घेतलं. "अगे, सर इत्ते अच्छे आदमी, मेरे हात की चाय पीते, उनकीच शिकायत करती तू? शरम नक्को का?" अब्बा मात्र मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "कपडा कम है तो कम है बोलना. बाद में खींच के पूरा नही होता." खाला त्यावर गप्प बसली. पटलं म्हणून नव्हे, दाजींपुढं बोलायचं नाही म्हणून.

मग चौकशी समिती बसली. बोलावणं आलं तेव्हा सोबत पुरावे आणावेत असं होतं. शाहीनकडं नोंदी होत्याच. पण सरांनी सांगितलं होतं म्हणे, की तिनं काम सोडल्यावरची नोंद त्यांनी स्वतः घेतली, झाडं तीच, खुणांच्या पट्ट्या शाबूत. शाहीन ते ऐकून म्हणाली, "मंदे, गोधडी नेऊ."

मी आजही डोळे मिटले की ती सकाळ दिसते. थंडीचे दिवस. मी, शाहीन आणि बळंच राजी झालेली खाला, आणि चादरीत बांधलेलं ते गाठोडं. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमागं आमची एसटी रांगत होती. कंडक्टर म्हणाला, "गादी हाय का मावशी? लगेज लागंल." खाला म्हणाली, "गादी नै, गुदडी है. ओढ के बैठती, फिर तो नै लगता ना?" आणि तिनं खरंच ती अंगावर घेतली. आम्ही तिघी त्या एका गोधडीत गुरफटून विद्यापीठात गेलो. खिडकीतून येणारं ऊन पट्ट्यांवर पडत होतं, लाल, हिरवं, पिवळं... मला मधेच झोप लागली, आणि झोपेत वाटलं की आम्ही बागेत आहोत.

समितीच्या लांब चकचकीत टेबलावर शाहीननं गोधडी पसरली. कुणी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे काय?" ती म्हणाली, "सर, ही आमची बाग. लेखातले नंबर घ्या आणि यात शोधा." मग एक वयस्कर सदस्य उठले, चष्मा वर केला आणि लेखातला एकेक नंबर गोधडीवर बोटानं शोधायला लागले. सगळे सापडले. ते खालाकडं वळले, "ही कधी शिवली, मावशी?" खाला उभी राहिली. "झाडां कटे वो ठंडी में. ठंडी के वास्तेच तो सिये." लेखातली पुढची फळं त्या थंडीनंतरची होती. पट्ट्या गोधडीत, मग झाडांवर शाबूत कशा? सर खिडकीपाशी बसले होते. ते गोधडीकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. स्वतःचं अक्षर अचानक दिसल्यावर माणूस जसं बघतं, तसं बघत होते. खाला बसता बसता परत उठली. "पर सर बहुत अच्छे आदमी हैं. वो भी लिख लेव." कुणीच हसलं नाही.

निकालाला खूप काळ गेला. नोंदींमध्ये गंभीर विसंगती, असे शब्द वापरले गेले. सर पुढं नेहमीसारखे निवृत्त झाले, हारतुरे घेऊन. शाहीन तोवर जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत लागली होती, उगवण तपासायच्या कामाला. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, गुंडाळून ठेवायच्या, काही दिवसांनी उघडून मोजायच्या. मी एकदा बघायला गेल्ते. पांढऱ्या कागदावर इवले इवले कोंब, आणि त्यांच्यात काही बिया तशाच निपचित. ती चिमट्यानं त्यांनाही हळूच बाजूला ओळीत ठेवत होती. मी विचारलं, यांचं काय? ती म्हणाली, "न उगवलेलं पण मोजावं लागतं. खरं काम तं तेच हाय." तिला त्या कामात कमीपणा वाटला नाही. मला वाटला, तिच्या वतीनं. शाहीनच्या नावाआधी डॉक्टर लागायला हवं होतं, हे मी आजही कुणासमोरही म्हणेन.

आणि एक दिवस तो लेख मागे घेतल्याचं जाहीर झालं. जुन्या जालन्यात अब्बांच्या दुकानासमोर उभं राहून तिनं मला मोबाईलवर दाखवलं. प्रत्येक पानावर आडवा मोठा शिक्का. पण पानं तिथंच होती, आणि नावंही. सरांचं आणि त्याखाली तिचं. तिनं बोटानं पान मोठं केलं, छोटं केलं. "नाव निघालं न्हाई, मंदे. नावावरून शिक्का गेला." ती जराशी हसली. "असू दे. वाचणारा आता पाणी तरी बराबर देईल."

शाहीनच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी गेल्ते. दुकान बंद, मशीनवर कापड झाकलेलं. आतल्या खोलीत बायका, बाहेर पुरुष, मधल्या दारात खाला भिंतीला टेकून बसलेली. तिच्या मांडीवर ती गोधडी. शाहीन आजारीपाजारी पडली की हीच मागायची, म्हणून इथंच ठेवली होती. जेवणं होत आली असताना दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. काठी, खांद्यावर पिशवी. सर. मला वाटलं कुणीतरी काहीतरी बोलेल. अब्बा उठले आणि त्यांनी सरकून जागा केली. खालानं आत बघून हाक मारली, "सर आए, चाय रखो गे."

सर बोलले फार कमी. चहा प्यायले. मग त्यांचं लक्ष गोधडीकडं गेलं. त्यांनी हात पुढं केला, खालानं तिचं टोक त्यांच्याकडं सरकवलं. ते आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. शाई कुठं कुठं फिकटली होती, पण आकडे वाचता येत होते आणि अब्बांची कड कुठंही उसवली नव्हती. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे मिटले, आणि मग, मला स्पष्ट आठवतं, लगेच उघडले. "शाहीन बरोबर होती," ते म्हणाले. कुणाकडं बघून नाही, गोधडीकडं बघून. थोडं थांबून त्यांनी खालाला विचारलं, "यातली एक पट्टी मला मिळंल का? पहिल्या झाडाची?"

खालानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "नक्को सर. एक निकाले तो पूरी उधडती."

सरांनी मान हलवली. उठताना त्यांनी गोधडीचं टोक नीट घडी करून परत तिच्या मांडीवर ठेवलं.

गोधडी आता माझ्याकडं आहे. निघताना खालानंच दिली, म्हणाली, तू ओढ, तेरी भी नींद है इस में. काल तिला ऊन दाखवायला गच्चीवर घातली होती. संध्याकाळी गोळा करताना लाल, हिरव्या, पिवळ्या पट्ट्या वाऱ्यावर हलल्या, आणि क्षणभर मी अगदी तिथं पोचले, आळ्याच्या कडेला, पांढऱ्या फुलांखाली, शेजारी ती केसांतली फुलं मोजतीय... मी गोधडी तोंडाशी धरली. असं लिहायला किती बरं वाटलं असतं, की मोसंबीच्या फुलांचा वास आला. वाचणाऱ्यालाही बरं वाटलं असतं.

पण नाही आला. उन्हाचा वास होता, थोडा साबणाचा. मी दुसऱ्यांदा नाक लावलं, वेगळ्या टोकाला. तरीही नाही.

नाही आला, तेही लिहून ठेवते, शाहीन.